वाऱ्याची जबाबदारी

वाळवंट माणसाला नम्र करतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे वाक्य म्हणतो. सूर्य डोंगराच्या कडेला टेकलेला असतो, पाहुण्याच्या हातात चहाचा कप असतो आणि नजर जाईल तिथवर समोर काहीच नसतं. इतकं काहीच नसलं की माणसाला त्यात अर्थ दिसायला लागतो. मी वीसेक वर्षं अमेरिकेतल्या या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहते आहे. नम्र झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ओठ फुटलेले पुष्कळ भेटले, कारण गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे.

इथले ऋतू मी काउंटरच्या आतल्या बाजूने ओळखते. हिवाळ्यात ओठांचं मलम, हातापायांचं क्रीम आणि नाकात घालायचे खारट थेंब खपतात. हवा इतकी कोरडी होते की स्वेटर काढताना ठिणग्या उडतात आणि दाराच्या कडीला हात लावण्याआधी माणूस क्षणभर विचार करतो. वसंतात डोळ्यांचे थेंब आणि ॲलर्जीच्या गोळ्या. जूनमध्ये भाजल्यावर लावायचं मलम. या काउंटीत घरटी एक बंदूक आहे, पण माझ्याकडे येणारे बहुतेक जखमी हे उन्हात उभ्या केलेल्या गाडीतल्या सीटबेल्टच्या बकलाचे असतात. जुलै-ऑगस्टात दुपारी ढग चढतात, थोडा वेळ आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, वर्षभर कोरडे पडलेले ओढे गाड्या वाहून नेतात आणि मग डबकी, डास, खाजेचं क्रीम. या प्रकाराला इथले लोक ‘मॉन्सून’ म्हणतात. मी नागपूरची आहे. ऐकून घेते.

ऑक्टोबरात मात्र काहीच खपत नाही. हवाच अशी असते की कुणाला काही होत नाही. आमच्या दुकानाचा मालक तो महिनाभर उदास असतो. म्हणून मी ठामपणे सांगू शकते की इथला सर्वांत चांगला महिना ऑक्टोबर.

या माझ्या ज्ञानाची आमच्या घराण्यात कुणाला गरज पडेल असं वाटलं नव्हतं. माझी थोरली बहीण सनीव्हेलला राहते आणि मी कुठे राहते हे लोकांना सांगताना तिचा आवाज थोडा खाली येतो. पण तिची मुलगी, माझी भाची, लहानपणापासून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत माझ्याकडे यायची. अंगणात गादी टाकून तारे बघायची, सकाळी बोटं गारठली की माझ्या खिशात घालायची. आता ती सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. लग्न ठरलं, तेव्हा तिने जाहीर केलं, की ते मावशीच्या अंगणात होईल.

“मावशी, मी आतापर्यंत सगळ्या कझिन्सची लग्नं हॉटेलमध्ये अटेंड केलीत,” ती मला फोनवर म्हणाली. “सेम झुंबर, सेम सोफा. मला कार्पेटवर उभं राहून लग्न नाही करायचं. प्लीज. तू आईला आणि त्यांना कन्व्हिन्स कर.”

‘त्यांना’ म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना. त्या प्लेनो शहरातल्या. मुलगा गोड आहे, म्हणजे आईसमोर गप्प बसतो. सासूबाईंनी प्लेनोतल्या एका हॉटेलची बॉलरूम मनात पक्की केली होती. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघी व्हिडिओ कॉलवर बसलो: ताई, भाची, प्लेनोच्या विहीणबाई आणि मी. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षातला महिना ठरवायचा होता.

“पुढचा जानेवारी?” ताईने सुरुवात केली.

“नळ गोठतात,” मी म्हणाले.

“फेब्रुवारी?”

“फुटतात.”

“यंदाचा जून?”

“जूनमध्ये नवरा-नवरी सोडून कुणी जिवंत राहणार नाही. त्यांचंही नक्की नाही.”

“अगं, नागपूरला मे महिन्यात लग्नं लागतातच की! तुझंच लागलं होतं.”

“लागलं होतं. फोटो बघ. मी लाजलेय असं सगळे म्हणतात. ऊन लागलं होतं मला.”

भाची हसली. विहीणबाई हसल्या नाहीत; त्यांच्या हातात पेन होतं. मग मी ऑक्टोबरची शिफारस केली. वारा नाही, ऊन कोवळं, संध्याकाळी पातळ शाल पुरते. बोलता बोलता मला दिसलं, की विहीणबाईंनी पेन खाली ठेवलंय.

“ऑक्टोबर म्हणजे चातुर्मास,” त्या म्हणाल्या. “तुळशीचं लग्न झाल्याशिवाय आमच्याकडे कार्य होत नाही.”

“पण चातुर्मासात लग्नं नसतात ती पावसामुळे हो. चिखल असतो, नद्यांना पूर असतो, वऱ्हाड यायचं कसं? इथे ऑक्टोबरात ओढ्यात सरडे झोपलेले असतात.”

“आणि देव?” विहीणबाई म्हणाल्या. “देवही झोपलेले असतात.”

“ते भारताच्या वेळेप्रमाणे.”

ताईने कॅमेऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. माणसाने पंचांगाशी वाद घालू नये. घालायचाच, तर मुलाकडच्यांसमोर तरी घालू नये. नोव्हेंबरच्या शेवटी मुलाच्या चुलतभावाचं पुण्यात लग्न होतं. डिसेंबरात रात्री पाणी गोठतं, आणि मुलाची आजी गुडघ्यांवर तीन स्वेटर घालून बसते, तेही प्लेनोत. उरला पुढचा वसंत.

“एप्रिल,” विहीणबाई म्हणाल्या. “मी गूगल केलंय. तुमच्याकडे एप्रिलात सेव्हंटी-फाइव्ह फॅरनहाइट असतं. ढग नाहीत, पाऊस नाही. परफेक्ट.”

हे आकडे खरे आहेत. इंटरनेटवर आमच्या एप्रिलचं तापमान वाचून कुणालाही घर घ्यावंसं वाटेल, आणि काही जणांनी तसं घेतलंही आहे. वाऱ्याचा रकाना कुणी उघडत नाही.

“एप्रिलात वारा असतो,” मी म्हणाले.

“वारा बरा की हो. आपल्या साड्या, दागिने, वारा हवाच.”

मी म्हटलं, असं करू. लग्न पुढच्या एप्रिलात आहे, तर तुम्ही याच एप्रिलात या आणि प्रत्यक्ष बघा. हवा तीच मिळेल. त्या तयार झाल्या. बघून पटलं नाही तर प्लेनोची बॉलरूम, हेही तिथल्या तिथे ठरलं. भाचीने मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला होता. तिला तिचं लग्न माझ्या अंगणातल्या हवेवर पैजेला लावल्यासारखं वाटत होतं.

विहीणबाई, ताई आणि भाची एप्रिलातल्या एका शुक्रवारी रात्री आल्या. शनिवारची सकाळ आमच्या वाळवंटाने खास त्यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखी होती. डोंगर इतका स्पष्ट की त्यावरच्या घळी मोजाव्यात. मेस्किटच्या काटेरी झुडपांना पोपटी पालवी. चहाच्या कपातून वाफ सरळ वर जात होती. विहीणबाई शाल पांघरून अंगणात फिरल्या.

“अहो, हा तर स्वर्ग आहे!” त्या म्हणाल्या, आणि स्वर्गाचं नियोजन सुरू झालं. इथे मांडव. इथे दोघांच्या उंच पाठीच्या खुर्च्या. इथून ड्रोन उडेल. “नवरदेव घोड्यावरून येईल. इथे घोडे मिळतीलच?”

“मिळतील. त्यांना ढोल मात्र चालत नाही.”

“आणि मुहूर्त गोरज,” त्या म्हणाल्या. “गुरुजींशी बोलून ठेवलंय मी. बरोबर सनसेटला अंतरपाट दूर होईल, मागे डोंगर, आणि फोटो. बघा काय येतील ते!”

गोरज म्हणजे गाई चरून घरी परततात, त्यांच्या खुरांनी धूळ उडते, ती वेळ. फार सुंदर कल्पना आहे. आमच्या काउंटीत गाई घरी परतत नाहीत, त्या रानातच असतात. धूळ मात्र वेळ पाळते.

सांगून वारा पटत नाही. दुपार होईपर्यंत मी स्वयंपाक केला.

वारा येण्याची एक पद्धत आहे. सकाळभर ऊन जमीन तापवतं, तापलेली हवा वर जाते, आणि मग वरचा जोराचा वारा खाली उतरतो. आधी शेजाऱ्याच्या गोठ्याचा एक सुटा पत्रा टकटक करतो. मग कचऱ्याचा रिकामा डबा आपणहून रस्ता ओलांडतो. मग डोंगर जातो. खरंच जातो, एवढा मोठा डोंगर धुळीमागे पुसला जातो, आणि आकाशाचा रंग जुन्या पिशवीसारखा होतो. मी तोवर खिडक्या लावल्या होत्या आणि दारांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते. विहीणबाई खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, “थांबेल ना हो संध्याकाळपर्यंत?”

“मुहूर्ताच्या वेळेला आपण बघूच,” मी म्हणाले.

सूर्यास्ताच्या सुमाराला मी सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्याकडे अंतरपाट नव्हता, डबलबेडची पांढरी चादर होती. एक टोक विहीणबाईंच्या हातात दिलं, एक ताईच्या. एका बाजूला भाची उभी राहिली, दुसऱ्या बाजूला नवरदेव म्हणून मी. मी मूठभर तांदूळ घेतले आणि मंगलाष्टकाची चाल लावली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत चादर फुगली. ताई दोन पावलं ओढली गेली आणि शहाणी असल्यामुळे तिने टोक सोडलं. विहीणबाईंनी सोडलं नाही.

“सोडा!” मी ओरडले.

“अंतरपाट सोडायचा नसतो!” त्या ओरडल्या, आणि तोंड उघडल्यामुळे त्यांच्या तोंडात धूळ गेली. मग चादरीने त्यांना सोडलं. ती कुंपणावरून गेली आणि लांब एका मेस्किटच्या काट्यांत अडकली. मी भाचीच्या डोक्यावर टाकलेले तांदूळ तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. वाऱ्याने ते पुढच्या काउंटीला दिले.

आत येऊन विहीणबाईंनी आधी चूळ भरली. मग म्हणाल्या, “झालं. हे कॅन्सल. प्लेनोला एसी आहे, पार्किंग आहे, गाडी लावून द्यायला व्हॅले आहे.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती, तिचंही काही चुकलं नव्हतं. भाची चादर आणायला गेली. काट्यांतून एक चादर सोडवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा तिला खूप जास्त वेळ लागला. मी खिडकीतून पाहिलं. चादर कधीच सुटली होती. ती छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, भाची नुसती उभी होती.

“विहीणबाई,” मी म्हणाले, “आज सकाळी तुम्ही इथल्या हवेला काय म्हणालात?”

“स्वर्ग म्हणाले. सकाळी.”

“मग सकाळीच लावू की लग्न.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोहे रात्री खायला सांगितलेत. गोरज मुहूर्त ठरलाय. फोटोवाला सनसेटसाठी येतोय. प्लेनोची माणसं शनिवारी नऊच्या आत उठत नाहीत. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, धूळ झाडत झाडत. मी तोवर गुरुजींना फोन लावला होता आणि स्पीकरवर टाकला होता. गुरुजी सनीव्हेलचे, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमध्ये, शनिवार-रविवार गुरुजी.

“गुरुजी, लग्नाच्या दिवशी सकाळचा मुहूर्त आहे का हो?” मी विचारलं.

“आहे की. सूर्योदयानंतर लगेच. गोरजापेक्षा सरस म्हणेन मी.”

“मग आधी का नाही सांगितलात मला?” विहीणबाई फोनकडे वाकून म्हणाल्या.

“काकू, अमेरिकेत पहाटे कोण लग्न करतं? आदल्या रात्री सगळ्यांचं संगीत असतं. सकाळी नवरदेवालाच उठवायला लागतं. आता मी सांगतच नाही कुणाला.”

भाची दारात उभी होती, केसांत काटे, हातात चादर.

“आई,” ती म्हणाली. ताईला नाही; विहीणबाईंना. ती त्यांना पहिल्यांदाच आई म्हणत होती. “आय’ल वेक एव्हरीवन अप. प्रॉमिस. एकेकाच्या रूमवर जाऊन.”

विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे धूळ सगळीकडे सारखी पसरवली. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण वाऱ्याची जबाबदारी तुमची, मावशी. सकाळी आला, तर मी काही ऐकून घेणार नाही.”

“माझी,” मी म्हणाले. “सकाळी येणार नाही. दुपारी येईल. दुपारी मी सांगेन तसं सगळ्यांनी वागायचं.”

वर्षभर हे वाक्य मी फोनवर कितीतरी लोकांना ऐकवलं. मला संकोच वाटला नाही. काही लोकांना शेअर बाजार कळतो, काहींना क्रिकेट. मला एप्रिल कळतो.

लग्नाच्या दिवशी पहाटे गवतावर दंव गोठलं होतं. पैठण्यांवर फुगीर जॅकेटं, शालूखाली थर्मल, मुंडावळ्यांखाली कानटोप्या. गुरुजींनी सोवळ्यावर हूडी घातली होती. भाचीने वचन पाळलं होतं. मोटेलमधल्या प्रत्येक दारावर तिने स्वतः थाप मारली होती, हातावर मेंदी आणि पायात स्पोर्ट शूज. घोडा रद्द झाला होता. नवरदेव चालत आला आणि त्याला त्याचा फारच आनंद झालेला दिसला. उंच पाठीच्या खुर्च्या आल्या होत्या. आजी त्यातल्या एकीत ब्लँकेट घेऊन बसली आणि उठायला तयार होईना.

मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा हवा मुळीच हलत नव्हती. अंतरपाट भिंतीसारखा सरळ होता. म्हणणाऱ्यांच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफ येत होती. अक्षता टाकल्या की ज्याच्यावर टाकल्या त्याच्याच डोक्यावर पडत होत्या; एवढी साधी गोष्ट, पण मी ती दर वेळी बघत होते. शेवटच्या सावधानला डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं, ते उतरत अंगणात आलं, आणि अंतरपाट दूर झाला. भाचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. पायाखाली माझ्या अंगणातली माती होती, आणि ती रडत होती, आणि हसत होती. विहीणबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा होता.

“मानलं तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

मला आणखी काही नको होतं. पण मी म्हटलं, दुपारच्या आत जेवणं उरकायला हवीत.

मसालेभात आणि जिलबी लोकांनी उभ्याउभ्याने संपवली. मग माझा अंमल सुरू झाला. मांडव उतरवला. खुर्च्या मिटल्या. फुलं आत, आजी आत. गाड्यांची तोंडं मी पूर्वेकडे करून घेतली, म्हणजे वाळू काचेवर बसणार नाही. खिडक्या लावल्या, फटीत ओले टॉवेल कोंबले. साठ-सत्तर माणसं माझ्या घरात आणि गॅरेजमध्ये बसली आणि पडदे ओढून वाऱ्याची वाट बघू लागली.

शेजाऱ्याचा पत्रा गप्प होता.

“आंटी, कॅन वी गो आउट नाऊ?” एक मुलगी म्हणाली.

“नाही. येतोय तो.”

दुपार वर चढली. आत गरम व्हायला लागलं, कारण सगळं बंद होतं. प्लेनोचे एक काका पडदा सारून बाहेर बघत होते. “कुठाय हो तुमचा वारा?”

“येईल.”

“ट्रॅफिकमध्ये अडकला असेल,” ते म्हणाले, आणि गॅरेजपर्यंत हशा गेला. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली. मी पुन्हा एकदा डोंगराकडे पाहिलं. डोंगर जागच्या जागी होता, घळींसकट.

असे शांत दिवस आमच्या वसंतात असतात. दोन-चार असतील. मी त्यांना कधी मोजत नाही, कारण त्या दिवशी कुणाला डोळ्यांचे थेंब लागत नाहीत.

चहाच्या वेळेपर्यंत लोक एकेक करून बाहेर सटकले. मग उघडउघड. मुलांनी फ्रिस्बी काढली. काकांनी मिटलेल्या खुर्च्या पुन्हा उघडल्या. भाची माझ्या शेजारी येऊन बसली, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “मावशी, इट्स ओके. मला सकाळच आवडली. ईव्हनिंगला मी एवढं रडले नसते.” तिचं खरं होतं. तिला जे हवं होतं ते सकाळीच मिळून चुकलं होतं, आणि ते आता कुणालाही परत घेता येणार नव्हतं.

सूर्य कलला तशा विहीणबाई घरातून निरांजन घेऊन आल्या. बरोबर गोरजाची वेळ साधून त्यांनी मुलाला आणि सुनेला अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभं केलं आणि ओवाळलं. फोटोवाला सनसेटचे पैसे आधीच घेऊन बसला होता. त्याने धडाधड फोटो काढले. औक्षण झाल्यावर विहीणबाईंनी तबक कुंपणाच्या खांबावर ठेवलं. ज्योत कागदावर काढल्यासारखी उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि अधूनमधून माझ्याकडे.

गुरुजी हूडीच्या खिशात हात घालून म्हणाले, “निसर्गापुढे शेवटी कुणाचं चालत नाही.” फार गंभीरपणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“छान झालं हो सगळं,” विहीणबाई मला म्हणाल्या. “पण वारा काही तुम्ही म्हणता तेवढा नसतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि माझ्या गॅरेजचे दोन पत्रे घेऊन गेला. तोवर सगळी मंडळी विमानात बसली होती.